आधी गाडीची पाटी

चार वाजून दहा मिनिटांची शेवगाव सुटायची वेळ झाली की बाई बाकावरून उठायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि थेट गाडीच्या तोंडासमोर जाऊन डोळे मिटून उभ्या राहायच्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, कंडक्टर दारात, माणसं आत कोंबलेली, आणि ह्या मधेच. "प्रभू, ही चार दहाची शेवगाव तुझ्या हवाली. पुढचं डावं टायर गुळगुळीत दिसतंय, तेवढ्याकडं लक्ष असू दे." एवढं बोलून बाजूला व्हायच्या. नवा ड्रायव्हर असला तर हॉर्न वाजवून वाजवून स्टँड डोक्यावर घ्यायचा. जुने मात्र गप बसून राहायचे. त्यातला एक मला म्हणाला होता, साहेब, आपलं टायर कुनीतरी रोज बघतंय, हेच लई झालं.

मी त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणतात. श्रीरामपूरच्या बाजूचा, चार तालुक्यांच्या गाड्या जिथं येऊन फिरतात असा बेताचा स्टँड. सहा फलाट, एक कँटीन आणि जाळीच्या खिडकीची माझी केबिन. केबिनीत एक माईक, एक रजिस्टर आणि मी. दिवसभर माणसं खिडकीशी येऊन विचारणार, शेवगाव लागली का, कोपरगाव गेली का, नेवाशाला कोणती जाईल. गाडी समोर उभी, गाडीला पाटी लावलेली, पाटीवर वीतभर अक्षरं, तरी मलाच विचारणार. एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की माझं डोकं तापायचं. स्वभाव मुळातच तिखट. आमची बायको म्हणते, ह्यांना लग्नात हळद लावायच्या ऐवजी मिरची लावली असंल.

बाई मिशनच्या बायबलबाई. म्हणजे पायी गावोगाव जायचं, घरोघर बसून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, कोणी आजारी असेल त्याला दवाखान्यात न्यायचं, कोणाच्या घरी चूल पेटली नसेल तर पेटवायची. हे काम त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्या त्या दिवशी चर्चमध्ये शाल-श्रीफळ घेतलं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्या स्टँडवर सहा नंबरच्या फलाटाच्या बाकावर येऊन बसल्या. शाल कुठल्यातरी म्हातारीच्या अंगावर आधीच गेली होती.

मी आपला समजलो, गाडीची वाट बघत असतील. तासाभरानं बघतो तर बाई खाली उकिडव्या बसून खडूनं फरशीवर लिहिताहेत आणि भोवती सात-आठ बायका, डोक्यावर पदर, काखेत पिशव्या. मी केबिनीतून तरातरा गेलो. म्हणालो, बाई, हा स्टँड आहे, शाळा नाही. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, दिवसाला किती माणसं तुम्हाला गाडी विचारतात. म्हटलं, शंभर तरी. त्यात बायका किती? म्हटलं, ऐंशी. "मग मी तुमचंच काम हलकं करते आहे," त्या म्हणाल्या. "सरा थोडं, तुमचा पाय नेवाशावर पडलाय."

मी खाली बघितलं. खरंच माझा बूट 'नेवासा'च्या काना-मात्रेवर होता. मी पाय उचलला, आणि तिथंच माझं चुकलं. एकदा पाय उचलला की संपलं.

त्यांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी. अ आ इ ई नाही, गमभन नाही. आलेल्या बाईला पहिला प्रश्न, माहेर कुठलं? जे गाव सांगेल ते फरशीवर मोठ्या अक्षरात काढायचं आणि त्याच्यावरून बोट फिरवायला लावायचं. सासर का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, सासरी पोचवायला दहा जण असतात, माहेरी जायचं बाईलाच बघावं लागतं. माहेर वाचता आलं की मग तालुक्याचं गाव, मग वाटेतली गावं, मग परतीची पाटी. एवढं झालं की बाईचं शिक्षण पुरं. पुढं कोणाला पुस्तक वाचायची हौस असेल तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं.

त्यांच्या चर्चचे पाळक एकदा गाडीसाठी आले होते. त्यांनी हे सगळं बघितलं आणि हळूच विचारलं की बाई, ह्यात शुभवर्तमान कुठं आहे. बाई म्हणाल्या, बाईमाणसाला दोन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत, गाडीची पाटी आणि शुभवर्तमान. आधी पाटी. प्रभू थांबतो, गाडी थांबत नाही. पाळक हसले आणि गाडीत जाऊन बसले.

बाई मूळच्या राहुरीकडच्या. पणजोबांपासून घर ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लग्नाची स्थळं आली होती, एक पाळक आणि एक मिलिटरीतला. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. का, तर म्हणे आपली फिरतीची नोकरी, घरी दोन वेळचा स्वयंपाक कोण करणार. ह्या कामाचं बोलावणं तुम्हाला कसं आलं, असं कोणी विचारलं की माणूस जरा सरसावून बसायचा, काहीतरी थोर ऐकायला मिळेल म्हणून. बाई सांगायच्या, मी सतरा वर्षांची होते, उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं की प्रभूच्या कामाला कोण जाईल त्यानं उभं राहावं, आणि नेमकी तेव्हाच मला लाल मुंगी चावली. ताडकन उभी राहिले. सगळं चर्च टाळ्या वाजवायला लागलं, वडील डोळे पुसायला लागले. आता खाली कशी बसणार?

मी खवचटपणे म्हणालो, म्हणजे बाई, मुंगीच्या जिवावर जन्म काढला तुम्ही.

"देवाला मुंगीसुद्धा चालते, कंट्रोलरसाहेब," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा चालाल."

एरवी त्या मला भाऊ म्हणायच्या. कंट्रोलरसाहेब म्हणाल्या की समजायचं, आता आपली धडगत नाही.

दर शनिवारी त्या स्टँडवरची पिण्याच्या पाण्याची टाकी घासायच्या. घासायला माणूस होता, तो लांबून बघायचा. पदर खोचून, हातात काथ्या घेऊन, भक्तिगीत गुणगुणत आत अर्ध्या वाकलेल्या बाई. बाहेरून नुसते पाय दिसायचे. पिशवीत दोन भाकरी जास्तीच्या असायच्या, ज्या बाईची गाडी चुकेल तिच्यासाठी. नाताळात ड्रायव्हर-कंडक्टरांना करंज्या आणि शेव, आणि ती घेताना प्रत्येकानं फरशीवरचं एक गाव वाचायचं अशी अट. आमच्या कंडक्टरांना वाचता येतंच की. तरी वाचायला लावायच्या. बायकांना दिसलं पाहिजे म्हणायच्या, की वाचणाऱ्याला खाऊ मिळतो.

एकदा कोणीतरी वर अर्ज केला की ही बाई स्टँडवर धर्माचा प्रचार करते. चौकशीला एक अधिकारी आले, साध्या कपड्यात, मलासुद्धा न सांगता. दिवसभर प्रवासी म्हणून बाकाशेजारी बसले. शे-व-गा-व, को-प-र-गा-व, वै-जा-पू-र ऐकून ऐकून त्यांच्या डोळ्यावर झापड आली. दुपारी बाईंनी त्यांना भाकरी दिली आणि विचारलं, तुमची गाडी सकाळपासून लागत नाही म्हणजे तुम्ही चुकीच्या फलाटावर बसला असाल, वाचता येत नाही का? ते बिचारे ओशाळले आणि खरं काय ते बोलले. तुम्ही येशूबद्दल सांगता का, त्यांनी थेट विचारलं. बाई म्हणाल्या, विचारलं तर सांगते, लपवायचं काय त्यात. पण इथं ज्याला त्याला गाडीची घाई, आणि घाईतल्या माणसाला देव सांगू नये, तो अर्धाच ऐकतो. अधिकाऱ्यांनी अहवालात काय लिहिलं मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात बाकावर पत्र्याचं छत मात्र आलं.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. शिकायला आलेल्या बाईचं माहेर वैजापूर असो की संगमनेर, दुसरं गाव त्या शेवगावच शिकवायच्या. जिला जन्मात शेवगावला जायचं नाही तिलाही शेवगाव. एक दिवस कशावरून तरी बंद होता, स्टँडवर एकही गाडी नाही. बाई तरीही आलेल्या. मलाही काम नव्हतं, म्हणून बाकावर जाऊन टेकलो आणि विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी त्या नेवाशाच्या बाजूला फिरायच्या तेव्हा एक सून रोज त्यांचं वाचन ऐकायला यायची. तिला निरोप आला की आई अंथरुणाला खिळलीय, लेकीचा धोसरा घेतलाय. माहेर शेवगावकडं. नवरा ऊसतोडीला गेलेला, सोबत कोणी नाही. बाईंनी तिला स्टँडवर आणलं, जवळ बसून प्रार्थना केली, वाटेत धीर यावा म्हणून शुभवर्तमानाचं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि स्वतः पुढच्या गावी कामाला निघून गेल्या. ती पुस्तक छातीशी धरून कोपरगावच्या गाडीत बसली. कोणाला विचारायला लाजली असेल, की विचारलं त्यानं चुकीचं सांगितलं, देव जाणे. अंधार पडल्यावर भलत्याच गावात उतरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माहेरी पोचली, तेव्हा सगळं आटोपून लोक नदीवरून परत येत होते.

"महिन्यानं ती मला पुस्तक परत द्यायला आली," बाई म्हणाल्या. "रागानं नाही. म्हणाली, बाई, मला कुठं वाचता येतं. भाऊ, मी तिच्या हातात देवाचं राज्य दिलं, आणि तिला शेवगाव वाचता येत नव्हतं."

  त्या सुनेचं पुढं काय झालं, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण धीर झाला नाही. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं, आणि ही गोष्ट त्यांनी पंचविशीत केलेल्या चुकीची. इतकी वर्षं ती त्यांच्या बरोबर चालत होती.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. माझ्या बायकोला अक्षर येत नव्हतं. तिचं माहेर शेवगावच्या पुढं, शेवगावला उतरून जीपनं जायचं गाव. आई तिची नव्वदीला टेकलेली. वर्षातून दोनदा मी तिला माहेरी धाडायचो. धाडायचो म्हणजे कसं, तर ओळखीच्या कंडक्टरला सांगायचं, हिला पुढच्या सीटवर बसव, शेवगावला उतरवून जीपवाल्याच्या ताब्यात दे. येताना पुन्हा तसंच. मला ह्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट, आपली वट आहे म्हणून बायको सुखात जाते, असा तोरा.

बाईंनी हे दोन-तीनदा बघितलं. एकदा गाडी सुटल्यावर खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "कंट्रोलरसाहेब, तुम्ही बायकोला पार्सल करता."

मला असा राग आला म्हणता! घरच्या भानगडीत पडायचं ह्यांना काय कारण? महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या ख्रिस्ती रीतीप्रमाणं रोज सलाम म्हणायच्या, मी रजिस्टरात डोकं घालायचो. बायको माहेराहून आली त्या संध्याकाळी मी तावातावानं तिला हे सगळं सांगितलं, तिनं माझी बाजू घ्यावी म्हणून. तिनं लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरंच बोलल्या की त्या." दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती बाकावर हजर. वय बावन्न.

पहिले काही दिवस मी खिडकीतून बघायचोसुद्धा नाही. गावभर म्हणतील, कंट्रोलरची बायको अंगठाबहाद्दर. पण कान ऐकतातच. "शे... व..." तिचा आवाज ओळखू यायचा. घरी भाकरी थापता थापता पिठावर बोटानं शेवगाव काढायची आणि मी आलो की पुसायची. एकदा मी बघितलं, तर पुसलं नाही. बघा, म्हणाली, बरोबर हाय का? बरोबर होतं. मी नुसतं जेवायला वाढ म्हणालो.

आणि त्याच सुमाराला नव्या गाड्या आल्या. पत्र्याच्या पाट्या गेल्या, काचेवर लाल दिव्यांची पळती अक्षरं आली. मला कौतुक, बायकांचं मात्र कंबरडं मोडलं. ज्यांना उभं गाव जुळवायला अर्धं मिनिट लागतं त्यांच्यासमोरून गाव धावायला लागलं, आणि मधेच इंग्रजी. जुन्या शिकलेल्या बायका पुन्हा माझ्या खिडकीशी. बाईंनी रीतसर अर्ज लिहिला की पाटीवरची अक्षरं पळू देऊ नयेत, त्यांना उभं राहायला सांगावं. मी शिक्का मारून वर पाठवला. उत्तर आलं नाही.

मग बाईंनी मिठाईचा एक खोका आणला. पुढून खिडकी कापली, दोन्ही बाजूंना फटी पाडल्या आणि लांबलचक कागदी पट्टीवर गावं लिहून ती पट्टी एका फटीतून घालून दुसरीतून ओढायला लागल्या. खिडकीतून गाव सरकत जायचं आणि बायकांनी ते पकडायचं. आज बैलगाडीच्या वेगानं, उद्या टेम्पोच्या. आमच्या हिची एक खोड होती, शेपूट बघून गाव सांगायची. 'गाव' दिसलं की झालं शेवगाव. बाई पट्टी थांबवून विचारायच्या, आणि हे कोपरगाव असलं तर? ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून जुळवायला लागायची. ह्या एका गोष्टीवर बाई तिच्यामागं हात धुऊन लागल्या होत्या, आणि का लागल्या होत्या ते मला ठाऊक होतं.

बाई आता नाहीत. परवाच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या मातीला चर्चचं आवार पुरलं नाही. कुठून कुठून बायका आल्या होत्या, आणि बरोबर कोणी पुरुषमाणूस नाही. कोणी आणलं तुम्हाला, असं पाळकांच्या बायकोनं एकीला विचारलं तर ती म्हणाली, कोन आननार, पाटी वाचून आलो. मी निवृत्त झालोय, पण अजून रोज दहाला स्टँडवर जातो. बाकावर आमची ही बसते, खोका मांडीवर घेऊन, आणि पट्टी ओढायचं काम माझ्याकडं असतं. जोरात ओढली की रागावते.

पण मला सांगायचाय तो दिवस वेगळा, बाई असतानाचा. दुपारी दीडच्या सुमाराला शेवगावकडून फोन आला की सासूबाईंनी दोन दिवस अन्नपाणी सोडलंय, लेकीचं नाव घेतायत. मी घरी फोन केला. पंधरा मिनिटांत ही पिशवी घेऊन स्टँडवर. पाळीला मी एकटा, जागा सोडून जायची सोय नाही. दोनची शेवगाव लागलेली होती आणि शेजारच्याच फलाटावर दोन पाचची कोपरगाव. दोन्ही नव्या कोऱ्या, दोन्हीवर पळत्या पाट्या. पुढची शेवगाव चार दहाची. त्या गाडीनं गेलं की पुढं जीप मिळत नाही, म्हणजे रात्र शेवगावातच. म्हातारी तोवर थांबेल न थांबेल.

मी सवयीनं कंडक्टरला हाक मारायला उठलो. ही खिडकीशी आली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "तुमी कुनाला काय सांगू नका. मी जाते."

मी बाईंकडं बघितलं. त्या हिच्या मागं दोन पावलांवर उभ्या होत्या. म्हटलं, बाई, आज परीक्षा घ्यायची वेळ नाही. आत बसवून द्या तिला. त्या म्हणाल्या, "मी बसवून दिलं तर ती पुन्हा पार्सलच, भाऊ." आणि बोट ओठावर ठेवून त्यांनी माईककडं खूण केली. म्हणजे गाडी पुकारायचीसुद्धा नाही.

गाडी पुकारणं माझं काम. तीस वर्षांत मी ते चुकवलेलं नाही. माईकवर हात ठेवून मी तसाच उभा राहिलो.

ही गेली ती सरळ कोपरगावकडं.  काचेवर तेव्हा इंग्रजी पळत होतं, ती थांबली. मराठी आलं तेवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस आडवा गेला, आणि तो सरेपर्यंत पाटीवर नुसतं 'गाव' उरलेलं. तिनं पिशवी सावरली, दारापाशी गेली आणि एक पाय पायरीवर ठेवला. माझा अंगठा माईकच्या बटणावर. बाईंकडं बघितलं तर त्यांनी डोळे मिटलेले नव्हते. एरवी प्रार्थनेला पटकन डोळे मिटणाऱ्या ह्या बाई टक लावून हिच्या पायाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता त्याच ओरडतील. नाही ओरडल्या. किती अवघड गेलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. मीही बटण दाबलं नाही.

हिनं पाय खाली घेतला. पुन्हा काचेसमोर आली, मान वर करून उभी राहिली. इंग्रजी पळून गेलं. मग मराठी आलं आणि तिचे ओठ हलायला लागले. को. प. तिनं पुढचं वाचलंच नाही, वळली आणि शेजारच्या गाडीपुढं गेली. तिथं कंडक्टर दार ओढत होता. जरा थांबा, असं ती म्हणाल्याचं मला ऐकू आलं. भर स्टँडवर तिचा एवढा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सगळी पाटी वाचेपर्यंत तिनं ती गाडी थांबवून धरली. मग चढली. बेल वाजली, गाडी निघाली आणि मी घाबऱ्याघुबऱ्यानं पुकारलं, शेवगावला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. कँटीनवाला हसायला लागला.

त्या दिवशी बाई चार दहाच्या गाडीनंतर घरी गेल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. बायका निघून गेल्या, दिवे लागले, मी दोनदा चहा पाठवला तो तसाच गार झाला. मीही पाळी संपवून थांबलो होतो. साडेसातला फोन वाजला. बायको बोलत होती, रडत होती की हसत होती कळत नव्हतं. सासूबाई पुढं अकरा दिवस होत्या, आणि येईल त्याला सांगत राहिल्या की माझी लेक वाचत आली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी फोन ठेवला आणि बाकाकडं गेलो. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. 

मी म्हणालो, "पोचली. दारात गेली तर आईनं तिच्या मागं बघितलं. विचारलं, कोन आलंय घालवाया? ही म्हणाली, कोन न्हाई आई, मी वाचत आले. मग आईनं तिचं तोंड चाचपलं आणि तिच्या हातून पाणी प्यायली."

बाई खाली बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "परत सांगा, भाऊ."

मी परत सांगितलं. त्या एकेका शब्दाला मान हलवत होत्या, आणि डोळ्यांतून येणारं पाणी पुसत नव्हत्या. संपल्यावर पुन्हा म्हणाल्या, परत सांगा. मी शेजारी बसलो आणि तिसऱ्यांदा सांगायला लागलो, की पोचली, दारात गेली, आईनं तिच्या मागं बघितलं.  तिथून पुढचं माझ्याच्यानं बोलवेना. तेव्हा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि राहिलेलं स्वतःच पुरं केलं.

"आणि आई होती," त्या म्हणाल्या.